मालदीव की लक्षद्वीप? बेटावरच्या सुट्टीचे खरे गणित

विशेष प्रतिनिधी

२०२४ च्या जानेवारीत समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी हा एकाएकी राष्ट्रीय अस्मितेचा विषय झाला. तो वाद आता निवळला आहे. मात्र, उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटावर चार दिवस निवांत घालवायचे तर कशाकशाचा विचार करावा, हा मूळ प्रश्न त्या गदारोळात बाजूलाच राहिला. त्याचा हा मागोवा.

दिवाळी उरकली की मराठी मध्यमवर्गीय घरांत पुढच्या सहलीची चर्चा सुरू होते. एके काळी ही चर्चा महाबळेश्वर, माथेरान आणि गोवा या तीन नावांत आटोपत असे. गेल्या दोन दशकांत तिचा परीघ बराच विस्तारला आणि त्यात निळ्याशार पाण्याच्या, पांढऱ्या वाळूच्या बेटांनी मानाचे स्थान पटकावले. मुंबईहून विमानाने जेमतेम तीन तासांच्या अंतरावर असलेला मालदीव तर नवविवाहितांच्या यादीत अग्रभागी जाऊन बसला. करोनाच्या काळात, म्हणजे २०२० च्या जुलैमध्ये, मालदीवने आपली दारे लवकर उघडली आणि त्यानंतर २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षे तेथे जाणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीयांचा क्रमांक पहिला राहिला. एकट्या २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीयांनी मालदीव गाठले.

या चित्राला तडा गेला तो २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २ व ३ जानेवारी रोजी लक्षद्वीपचा दौरा केला आणि तेथील किनाऱ्यावरची त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यावर मालदीव सरकारमधील तीन उपमंत्र्यांनी अनुचित भाषेत टीका केली. त्यांना निलंबित करण्यात आले. तथापि तोपर्यंत भारतात मालदीवच्या सहली रद्द करण्याची मोहीम उभी राहिली होती. एका मोठ्या प्रवास कंपनीने तर तेथील विमान तिकिटांची विक्रीच थांबवली. ‘मालदीव सोडा, लक्षद्वीपला चला’ असा सूर सर्वत्र ऐकू येऊ लागला.

परिणाम आकड्यांत उमटला. २०२४ मध्ये मालदीवला गेलेल्या भारतीयांची संख्या सुमारे एक लाख तीस हजारांवर आली आणि भारत पहिल्या पाच देशांतूनही बाहेर फेकला गेला. परंतु त्याच वर्षी मालदीवच्या एकूण पर्यटकांची संख्या घटली नाही. उलट ती प्रथमच वीस लाखांच्या पुढे गेली. भारतीयांची रिकामी झालेली जागा चीन व युरोपातील पर्यटकांनी भरून काढली. पुढे मुत्सद्देगिरीने आपले काम केले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू भारतात आले, मुंबईलाही येऊन गेले. २०२५ च्या जुलैमध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला भारताचे पंतप्रधान प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहिले आणि ४,८५० कोटी रुपयांच्या कर्जसाह्याची घोषणा झाली. थोडक्यात, ज्या कारणासाठी लोकांनी सहली रद्द केल्या, ते कारण दीड वर्षात इतिहासजमा झाले.

छायाचित्रात न आलेला प्रकल्प

लक्षद्वीपच्या त्या दौऱ्यातील एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. किनाऱ्यावरची छायाचित्रे कोट्यवधी लोकांनी पाहिली. पण त्याच दौऱ्यात पंतप्रधानांनी ज्या प्रकल्पांचे उद्घाटन केले, त्यांत कदमत बेटावरचा समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प होता. त्याची क्षमता दिवसाला दीड लाख लिटर. बेटावरच्या सुट्टीचे सारे गणित या एका आकड्याभोवती फिरते.

कदमतची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५,४०० होती. दीड लाख लिटर पाणी तितक्या लोकांत वाटले तर माणशी जेमतेम २८ लिटर येते. ग्रामीण भागात नळाने माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. हॉटेलांसाठी भारतीय मानकांत एका खाटेमागे १८० लिटर धरले जातात. आता २०२३ च्या जानेवारीत एका नामांकित हॉटेल समूहाने कदमत आणि सुहेली या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची विश्रामस्थाने उभारण्याची घोषणा केली होती. ११० खोल्या म्हणजे २२० खाटा आणि २२० खाटा म्हणजे, मानकाप्रमाणे, दिवसाला सुमारे ४० हजार लिटर पाणी. गावासाठी उभारलेल्या प्रकल्पाच्या एक चतुर्थांशाहून ही गरज अधिक भरते. असे विश्रामस्थान स्वतःची यंत्रणा उभारू शकते, हे खरे. पण त्या यंत्रणेला वीज लागते, विजेला इंधन लागते आणि ते इंधनही जहाजानेच यावे लागते.

प्रवाळ बेटावर पाणी एवढे दुर्मीळ का, हे समजून घेणे अगत्याचे आहे. मराठी वाचकाला सिंधुदुर्ग किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी ठाऊक असतात. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी, याचे नवल आपण शाळेच्या सहलीपासून करत आलो. प्रवाळ बेटांवर हेच नवल अधिक नाजूक रूपात आढळते. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूत झिरपते आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर, वजनाने हलके असल्यामुळे, भिंगाच्या आकाराच्या थरासारखे तरंगत राहते. बेट लहान तर हा थरही पातळ. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. सांडपाणी नीट हाताळले नाही तर ते त्याच वाळूतून त्याच थरात उतरते. पाण्याचा दुसरा साठा नसलेल्या बेटावर एक विहीर बिघडणे म्हणजे काय, हे तेथील गृहिणीलाच विचारावे लागेल.

मालदीवचा धडा

मालदीव आणि लक्षद्वीप ही दोन नावे गेल्या काही वर्षांत प्रतिस्पर्धी म्हणून उच्चारली गेली. भूगोल मात्र वेगळे सांगतो. ही एकाच सागरी पर्वतरांगेवर वाढलेली प्रवाळ बेटे आहेत. लक्षद्वीपचे मिनिकॉय आणि मालदीवचे उत्तर टोक यांच्यामध्ये केवळ ‘आठ अंशांची सामुद्रधुनी’ आहे. मिनिकॉयमध्ये बोलली जाणारी महल ही भाषा मालदीवच्या दिवेहीचीच बोली. दोन्हीकडची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. एकाच्या वाट्याला जे आले, ते दुसऱ्याच्याही वाट्याला येऊ शकते. म्हणूनच मालदीवच्या अर्धशतकाच्या अनुभवाकडे बारकाईने पाहायला हवे.

मालदीवमध्ये पर्यटनाचा प्रारंभ १९७२ मध्ये झाला. तेथे रुजलेली पद्धत म्हणजे ‘एक बेट, एक विश्रामस्थान’. सुमारे १,१९० बेटांपैकी वस्ती जवळपास दोनशे बेटांवर. उरलेल्यांपैकी काही बेटे हॉटेलांना दीर्घ मुदतीच्या कराराने द्यायची आणि पर्यटकांना स्थानिक वस्तीपासून दूर ठेवायचे, असे हे धोरण. मद्य आणि तोकडे पोहण्याचे कपडे विश्रामस्थानात चालतात, वस्तीच्या बेटावर मद्याला बंदी आहे. या पद्धतीने परकीय चलन भरपूर आणले. पण सामान्य मालदीवकराच्या हाती नोकरीपलीकडे फारसे काही पडले नाही. २००९ मध्ये वस्तीच्या बेटांवर अतिथीगृहे चालवण्यास मुभा मिळाली, तेव्हा कुठे पर्यटनाचा पैसा थेट गावात येऊ लागला. आपल्याकडील कोकणात घरगुती निवास व न्याहारी योजनेने जे साधले, त्याच जातीचा हा बदल होता.

वैभवाची दुसरी बाजूही तेवढीच ठळक आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार मालदीवची लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार. तीत जवळजवळ चौथा हिस्सा परदेशी कामगारांचा. पर्यटक वर्षाला वीस लाख. या साऱ्यांचे अन्न, इंधन, बांधकामाचे साहित्य बाहेरून येते आणि कचरा मात्र तेथेच राहतो. राजधानी मालेजवळच्या थिलाफुशी येथे १९९२ पासून उथळ पाण्यात कचऱ्याची भर टाकत अख्खे बेट तयार झाले. तेथे वर्षानुवर्षे उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्याचा धूर दूरवरून दिसत असे.

पाण्याची कथा तर अधिक बोलकी आहे. २००४ च्या डिसेंबरमधील त्सुनामीत मालदीवमध्ये ८० हून अधिक लोक दगावले आणि कित्येक बेटांवर जमिनीतील गोडे पाणी खारे झाले. दहा वर्षांनी, २०१४ च्या डिसेंबरमध्ये, मालेच्या पाणी प्रकल्पात आग लागली आणि एक लाखाहून अधिक वस्तीच्या राजधानीचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमाने आणि नौदलाच्या जहाजांतून पाणी पाठवले. देशाच्या राजधानीला शेजाऱ्याने विमानातून पाणी पाजावे, ही घटना बेटांवरील जीवन किती पातळ धाग्यावर लोंबकळत असते याची साक्ष देते.

किनारा घडवणारे जीव

ज्या पांढऱ्या वाळूसाठी पर्यटक इतका खर्च करतो, ती वाळू आपल्या कोकणकिनाऱ्यासारखी नद्यांनी डोंगरातून आणलेली नाही. ती मुख्यतः प्रवाळाचा, शिंपल्यांचा आणि इतर सागरी जीवांच्या सांगाड्यांचा चुरा आहे. प्रवाळावर वाढणारे शेवाळ खरवडून खाणारा पोपटमासा त्यासोबत प्रवाळाचे कण गिळतो आणि वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. बाहेरची प्रवाळभिंत लाटांचा जोर अडवते, म्हणून आतले उथळ पाणी शांत व निळे राहते. म्हणजे प्रवाळ जिवंत असेल तरच किनारा टिकतो आणि किनारा टिकला तरच बेट टिकते.

समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आपल्यातील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ताप लांबला तर तो मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपने हा आघात सोसला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून अरबी समुद्रात उष्णतेची दीर्घ लाट राहिली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडल्याचे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने सांगितले. योगायोग असा की, देशभर ‘लक्षद्वीपला चला’ हा घोष चालू होता, नेमक्या त्याच महिन्यांत तेथील समुद्र आजारी होता. बंगारम बेटसमूहातील पराळी-१ हे निर्जन बेट तर धूप होऊन आधीच नाहीसे झाले आहे.

या पार्श्वभूमीवर लक्षद्वीपमधील पर्यटनवाढीचा निर्णय घाईने घेता येणार नाही. सर्व बेटे मिळून क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर, वस्ती दहा बेटांवर आणि २०११ मध्ये लोकसंख्या सुमारे ६४ हजार. म्हणजे दर चौरस किलोमीटरला जवळपास दोन हजार माणसे. बहुसंख्य रहिवासी अनुसूचित जमातींत मोडतात. उपजीविका ट्यूना मासेमारी आणि नारळावर. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाला जमिनीबाबत व्यापक अधिकार देणाऱ्या नियमावलीचा मसुदा आला, तेव्हा बेटांवर तीव्र विरोध झाला आणि केरळ विधानसभेने त्या वर्षी ३१ मे रोजी त्याविरुद्ध एकमताने ठराव केला. त्यापूर्वी, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून बेटांच्या व्यवस्थापन आराखड्यांची छाननी करवून घेतली होती. म्हणजे बेटे किती भार सोसू शकतील, हा प्रश्न जुनाच आहे. जानेवारी २०२४ च्या उत्साहात तो विसरला गेला, इतकेच.

बेट बंद ठेवण्याची वेळ

भार सोसेनासा झाला की काय होते, याची दोन उदाहरणे आशियातच आहेत. फिलिपिन्समधील बोराकाय हे सुमारे दहा चौरस किलोमीटरचे बेट जगातील नामांकित किनाऱ्यांपैकी एक. तेथील सांडपाणी सर्रास समुद्रात सोडले जात असल्याने त्या देशाचे तत्कालीन अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने संपूर्ण बेट पर्यटकांसाठी बंद केले. हजारो कामगारांचा रोजगार बुडाला. पुन्हा उघडताना एका वेळी १९,२१५ पर्यटक ही मर्यादा घालण्यात आली. थायलंडमधील माया बे ही चिमुकली खाडी २००० सालच्या एका हॉलिवूडपटामुळे जगप्रसिद्ध झाली आणि नौकांच्या गर्दीने तिचा प्रवाळ उद्ध्वस्त झाला. २०१८ च्या जूनमध्ये बंद झालेली ही खाडी २०२२ च्या जानेवारीत उघडली. या मधल्या काळात तेथे शार्क मासे परतले. आता नौकांना खाडीत प्रवेश नाही आणि दरवर्षी पावसाळ्यात काही काळ ती बंद ठेवली जाते.

बंदी हा शेवटचा उपाय आहे आणि तो सर्वांत महागही आहे. त्यात शिक्षा भोगावी लागते ती स्थानिकांना. मर्यादा आधी ठरवणे स्वस्त पडते. लक्षद्वीपकडे ही मर्यादा आज आपसूकच आहे. तेथे जायला प्रशासनाचा परवाना लागतो. अगत्तीची धावपट्टी लहान असल्याने तेथे छोटी विमानेच उतरतात. कोचीहून जाणाऱ्या जहाजांतील जागा मोजक्या असतात. याला अनेक जण गैरसोय म्हणतात. प्रत्यक्षात आजवर लक्षद्वीपचे पाणी निळे राहिले, त्याचे थोडे श्रेय या गैरसोयीलाही आहे. धावपट्टी वाढवण्याआधी पाणी, सांडपाणी आणि कचरा यांची व्यवस्था वाढवली, तर ही मर्यादा शहाणपणाने सैल करता येईल. क्रम उलटा झाला तर बोराकायची पुनरावृत्ती अटळ आहे.

सुट्टी आखताना

मग सामान्य पर्यटकाने काय करावे? बेटांवर जाऊच नये, असे म्हणणे सोपे आहे. पण ते ना व्यवहार्य आहे, ना न्याय्य. पर्यटन थांबले तर मालदीवची अर्थव्यवस्था कोसळेल. आखणी करताना काही गोष्टी मात्र डोळसपणे तपासाव्यात.

पहिली गोष्ट मोसमाची. डिसेंबर ते मार्च हा दोन्ही ठिकाणी कोरडा व शांत काळ. महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत चालते. मे महिन्यात मात्र बेटांवर नैऋत्य मोसमी वारे पोहोचू लागतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने लक्षद्वीपचा जलप्रवास बेभरवशाचा होतो. मालदीवमध्ये याच काळात दर उतरतात. पावसाची तयारी असेल तर जून ते नोव्हेंबरदरम्यान बा बेटसमूहातील हनिफारू येथे मोठ्या संख्येने जमणारे मांटा मासे पाहता येतात.

दुसरी गोष्ट खर्चाची. जाहिरातीतील दरात सारे काही धरलेले नसते. मालदीवमध्ये १ जानेवारी २०२५ पासून विश्रामस्थानांत प्रत्येक पाहुण्यामागे रात्रीला १२ डॉलर, तर वस्तीच्या बेटांवरील ५० खोल्यांपर्यंतच्या अतिथीगृहांत ६ डॉलर हरित कर आहे. पर्यटन सेवांवरील कर २०२५ च्या जुलैपासून १७ टक्के झाला. परतीच्या तिकिटावर साध्या वर्गासाठीही ५० डॉलर निर्गमन कर आहे. जोडप्याने विश्रामस्थानात चार रात्री काढल्या तर केवळ हरित कर आणि निर्गमन कर मिळून दोनशे डॉलरच्या आसपास जातात. शिवाय पाण्यावर उतरणारी विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. आपले विमान संध्याकाळी उशिरा उतरणार असेल तर त्या रात्रीचा मुक्काम मालेच्या परिसरातच पडतो आणि दूरच्या बेटासाठी मोजलेली एक रात्र वाया जाते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट यजमानाला विचारायच्या प्रश्नांची. पिण्याचे पाणी कोठून येते? प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी काचेच्या बाटल्या भरून मिळतात का? सांडपाण्यावर प्रक्रिया होते का? कचरा कोठे जातो? वीज सौरऊर्जेवर की डिझेलवर? प्रवाळावर उभे राहू नये, याची ताकीद मार्गदर्शक देतो का? हे प्रश्न विचारणारा एखादाच ग्राहक असेल तर त्याला विक्षिप्त ठरवले जाईल. पण दोन लाख ग्राहकांपैकी निम्म्यांनी ते विचारले तर हॉटेलांना उत्तरे तयार ठेवावी लागतील. २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांनी आपली एकत्रित ताकद दाखवून दिलीच आहे. ती एका टीकेचा निषेध करण्यात खर्ची पडली. पाण्याचा हिशेब मागण्यासाठीही ती वापरता येते.

वस्तीच्या बेटावर उतरायचे ठरवले तर तेथील पेहराव आणि चालीरीतींचा मान राखणे ओघाने आलेच. पैसा थेट गावकऱ्याच्या हाती जातो, खर्च कमी येतो आणि निवांतपणाही कमी पडत नाही. ज्यांना परदेशप्रवास नको, त्यांना मालवण-तारकर्लीचा किनारा जवळच आहे. सिंधुदुर्गाच्या परिसरात प्रवाळ आहे आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक हा मोठा प्रवाळ प्रदेश आहे, हे अनेक मराठी पर्यटकांच्या गावीही नसते. मालवणच्या समुद्रात पाण्याखालची सृष्टी दाखवणाऱ्या होड्यांची गर्दी पाहिली की वरचे सारे प्रश्न आपल्या दारातही उभे आहेत, याची जाणीव होते.

मालदीवचे तत्कालीन अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी १७ ऑक्टोबर २००९ रोजी समुद्राखाली मंत्रिमंडळाची बैठक घेऊन आपल्या देशाच्या भवितव्याकडे जगाचे लक्ष वेधले होते. त्या बैठकीची चर्चा जगभर झाली. त्यानंतरही समुद्र तापत राहिला आणि पर्यटक वाढत राहिले. या दोन्ही गोष्टी मुंबई-पुण्यात बसून कोणाला थांबवता येणार नाहीत. लक्षद्वीपबाबतचे निर्णय मात्र दिल्लीत व्हायचे आहेत आणि त्यांवर भारतीय नागरिकाचा हक्क आहे. पर्यटकांच्या खाटांची संख्या जाहीर करण्यापूर्वी त्या खाटांसाठी लागणारे पाणी, निघणारे सांडपाणी आणि परत न्यावा लागणारा कचरा यांचे आकडे बेटनिहाय प्रसिद्ध करावेत, ही मागणी मुळीच अवाजवी नाही. तिकीट काढण्यापूर्वी पर्यटकाने आणि परवाना देण्यापूर्वी शासनाने एकच हिशेब मांडायचा आहे. कदमतच्या माणशी २८ लिटरांपासून त्याची सुरुवात करता येईल.